स्नेहाचे सामने आणि राष्ट्राचा संघ

पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांत, वढू बुद्रुक हें गांव आहे. छत्रपति संभाजीमहाराजांच्या समाधीमुळें तें साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा एखाद्या गांवाला शेजारच्या गांवाशीं हुतूतूचा सामना खेळावयाचा झाला, तर सात गडी निवडण्यास फारसा वेळ लागत नाहीं. कोणाचा दम किती, पकडींत पक्का कोण, ऐन वेळीं कच खाणारा कोण, हें पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही माहीत असतें. सातही जण एकाच पाण्यांत पोहलेले, एकाच शाळेंत छड्या खाल्लेले. त्यांचा संघ मुद्दाम बनवावा लागत नाहीं. तो लहानपणापासून बनतच आलेला असतो.

राष्ट्राचा फुटबॉलसंघ निवडणाऱ्याची अडचण नेमकी येथें सुरू होते. त्याच्यापुढें मणिपूरचा, मिझोरामचा, पंजाबचा, केरळचा, बंगालचा, गोव्याचा असे गडी उभे असतात. प्रत्येक जण आपापल्या क्लबांत नांवाजलेला. परंतु एकाच्या क्लबांत चेंडू जमिनीवरून हळूहळू पुढें नेण्याची रीत, तर दुसऱ्याच्या क्लबांत लांब फटका मारून धांवण्याची. पुष्कळदां एकमेकांची भाषाही कळत नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें, पण सारा भात एकाच भांड्यांत शिजलेला असतो म्हणून. येथें अकरा शितें अकरा भांड्यांतलीं! अकरा उत्तम गडी म्हणजे उत्तम संघ, हा हिशेब कागदावर बरोबर येतो आणि मैदानावर हटकून चुकतो.

याकरितां फुटबॉल खेळणाऱ्या देशांनीं एक तोड काढलेली आहे, ती म्हणजे स्नेहाचा सामना. यांत करंडक नसतो, गुण नसतात, हरल्यामुळें कोणी स्पर्धेतून बाद होत नाहीं. शाळेंत वार्षिक परीक्षेआधीं चांचणी परीक्षा घेतात, तशांतलाच हा प्रकार. स्पर्धेच्या सामन्यांत आतां पांच गडी बदलतां येतात. स्नेहाच्या सामन्यांत दोन्ही पक्षांच्या संमतीनें त्याहून अधिक बदलण्याची सवलत असते, कारण निवडणाऱ्यानें पुष्कळ जणांना पारखून पाहावें हाच त्याचा हेतु. कोणत्या दोन बॅकांचें एकमेकांशीं जुळतें, घाईच्या वेळीं हाफ-बॅक कोणाकडे चेंडू देतो, गोल झाल्यावर कोणाची मान खालीं जाते, या गोष्टी सरावाच्या मैदानावर दिसत नाहींत. त्या परक्या संघाशीं गांठ पडल्यावरच दिसतात.

आपल्या देशानें हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला आहे. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आपला संघ फ्रान्सशीं खेळला. बहुतेक गडी अनवाणी होते. दोन पेनल्टी किक फुकट गेल्या आणि सामना एकाविरुद्ध दोन गोलांनीं गेला; तरीही त्या खेळाचें कौतुक झालें, आणि कौतुकाच्या भरांत उणीव झाकली गेली. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेल्सिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें आपल्यावर दहा गोल चढविले. आपला झाला एक. अनवाणी पाय गार व ओल्या गवतावर कसा टिकतो, हें पाहण्याची जागा ऑलिंपिकचें मैदान नव्हती. आधीं अशा हवेंत, अशा तोडीच्या संघाशीं चार स्नेहाचे सामने झाले असते, तर हीच गोष्ट दोन-तीन गोलांच्या किमतींत कळली असती. त्यानंतर मात्र बूट घालण्याची सक्ती झाली.

त्या काळचे संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, आणि पेशानें शिक्षक. त्यांच्याविषयीं सांगतात कीं, ज्यांत दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा, असे सामने ते मुद्दाम भरवीत. उजव्या पायाच्या गड्याला डाव्या पायानें खेळावयास लावलें म्हणजे तो सुरुवातीला हास्यास्पद दिसणारच! परंतु जिंकण्याची घाई नसलेल्या सामन्याचा उपयोग कसा करावा, हें त्या शिक्षकाला पक्कें समजलें होतें. त्यांच्या हाताखालीं १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. गोव्यांतील आसगांवचा, मुंबईच्या टाटा क्लबाकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा यानें तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्यानें तीन गोल केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा आशियांतील तो पहिला गडी.

१९६२ सालच्या जाकार्ताच्या आशियाई खेळांची हकीकत तर निवडीच्या दृष्टीनें अभ्यास करण्याजोगी आहे. पहिलाच सामना दक्षिण कोरियानें दोन गोलांनीं जिंकला. पुढें थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला जबर जखम झाली. जर्नेलसिंग हा बचावाचा आधारस्तंभ. टांके घातलेल्या डोक्याच्या माणसाला बॅक ठेवावें तर पदोपदीं चेंडू डोक्यावर घेण्याची पाळी. घरीं बसवावें तर संघाचा धीर जातो. रहीमसाहेबांनीं त्याला सेंटर-फॉरवर्ड केलें, आणि त्यानें उपान्त्य सामन्यांत गोल केला, अंतिम सामन्यांतही केला. ज्या कोरियानें आरंभीं हरविलें, त्यालाच दोन विरुद्ध एक असें हरवून सुवर्णपदक आलें. त्या संघांत मूळचा गोव्यांतील कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको हाफ-बॅक होता. आपला प्रत्येक गडी दुसऱ्या कोणत्या जागीं उपयोगी पडेल, हें ज्या निवडणाऱ्याला ऐन संकटांत सुचतें, त्यानें तें संकट येण्याआधीं कधीं तरी पाहून ठेविलेलें असतें. जाकार्ताहून परतल्यावर वर्षभराच्या आंतच, १९६३ सालीं, रहीमसाहेब कर्करोगानें वारले.

मधल्या पुष्कळ वर्षांत परदेशीं संघांशीं गांठी कमी पडल्या. मुंबईंत १८९१ पासून रोव्हर्स करंडकाचे सामने चालत आले, कूपरेजच्या मैदानानें मोठमोठे गडी पाहिले; पण राष्ट्राच्या संघाचा सामना या शहरांत १९५५ नंतर एकदम २०१६ सालींच झाला. एकसष्ट वर्षें! आजोबांनीं पाहिलें तें नातवाला पाहावयास मिळालें. त्या वर्षीं ३ सप्टेंबरला अंधेरीच्या क्रीडासंकुलांत पोर्तो रिकोचा संघ स्नेहाचा सामना खेळण्यास आला. क्रमवारींत तो आपल्याहून बराच वर होता. कप्तानपद नेहमींच्या सुनील छेत्रीकडे न देतां गोलरक्षक गुरप्रीतसिंगकडे दिलें होतें. आरंभींच पेनल्टीवर गोल झाला आणि प्रेक्षक चुपचाप झाले. पण नारायण दास, छेत्री, जेजे व जॅकीचंद यांनीं एकामागून एक गोल करून चार विरुद्ध एक असा सामना जिंकला. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं चार गोल मोठ्या अक्षरांत छापले. वास्तविक त्या संध्याकाळीं पाहण्यासारखी गोष्ट वेगळी होती: एक गोल मागें पडल्यावर नवा कप्तान आणि त्याच्यापुढचे बॅक गडबडतात कीं सांवरतात. ते सांवरले.

याच वाटेनें २०१७ सालीं भारत क्रमवारींत शहाण्णवावा झाला आणि आनंदीआनंद झाला. क्रमवारी ही वस्तु मोठी फसवी आहे. २०१८ पूर्वींच्या हिशेबांत सामन्यांच्या गुणांची सरासरी काढीत, आणि स्नेहाच्या सामन्याचें वजन सर्वांत कमी. त्यामुळें असा सामना जिंकूनही देश खालीं घसरे. पोलंडनें हें ओळखलें. त्यानें वर्षभर स्नेहाचे सामने खेळण्याचेंच टाळलें, क्रमवारींत वरचा राहिला, आणि २०१८ च्या जागतिक स्पर्धेच्या सोडतींत पहिल्या ओळींत बसला. प्रत्यक्ष स्पर्धेंत काय झालें? सेनेगलनें हरविलें, कोलंबियानें तीन गोलांनीं हरविलें, आणि जपानविरुद्धचा शेवटचा सामना जिंकूनही पोलंड आपल्या गटांत तळाशीं राहिला. चांचणी परीक्षा चुकवून वरच्या बांकावर बसणारा विद्यार्थी मास्तरांच्या ओळखीचा असतो.

याच्या उलट, हरलेले सामने पुष्कळदां कामाचे ठरतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्यें आपला संघ जॉर्डनशीं खेळण्यास अम्मानला निघाला. कांहीं गडी पावसामुळें कुवेतच्या विमानतळावर अडकून उशिरां पोंचले. छेत्री दुखापतीमुळें नव्हताच. जॉर्डनच्या गोलरक्षकानें आपल्या बाजूच्या मैदानांतून मारलेला चेंडू टप्पा घेऊन गुरप्रीतसिंगच्या डोक्यावरून थेट गोलांत गेला! असा गोल जन्मांत एकदां होतो. सामना दोन विरुद्ध एक असा गेला. आपला एकुलता गोल पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळणाऱ्या निशुकुमारनें केला. पुढें दोन महिन्यांच्या आंत आशियाई करंडकांत याच संघानें थायलंडवर चार गोल केले. बरोबरी झाली असती तरी पुढें जातां येईल, अशा स्थितींत बहरीनविरुद्ध अखेरच्या क्षणीं पेनल्टी होऊन तो बाद झाला, ही गोष्ट निराळी.

२०२१ च्या मार्चमध्यें दुबईंत दोन सामने झाले. पहिला ओमानशीं. त्यांत एकाच दिवशीं दहा नव्या गड्यांना प्रथमच राष्ट्राचा सदरा मिळाला, आणि सामना एक-एक बरोबरींत सुटला. चारच दिवसांनीं संयुक्त अरब अमीरातींनीं सहा गोल केले. आपला एकही नाहीं. गुरु इगोर स्टिमॅक यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. सहा गोल हे सहा गोलच, त्यांना गोड म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या दहा जणांतील आकाश मिश्र, सुरेशसिंग वांगजम, लालेंगमाविया, जीक्सनसिंग हे पुढें संघाचे नित्याचे गडी झाले. अमीरातींच्या वेगापुढें ते जे शिकले, तें घरच्या मैदानावर शिकावयास मिळणें शक्य नव्हतें.

नव्या गड्याच्या बाजूनेंही याचा विचार केला पाहिजे. कोल्हापुरांत पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉलसंघ आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला म्हणजे शहराला दुसरें कांहीं सुचत नाहीं. त्या मातींतून अनिकेत जाधव हा मुलगा आला. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत तयार झाला आणि २०१७ सालीं सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळला. प्रौढ संघांत पदार्पण करण्यास त्याला २०२२ चा मार्च उजाडला, आणि तेंही बहरीनमध्यें स्नेहाच्या सामन्यांच्या वेळीं. त्या दौऱ्यांत भारत बहरीनकडून व बेलारूसकडून असे दोन्ही सामने हरला. कोल्हापूरच्या मुलाला मिळालेलीं तीं मिनिटें त्या पराभवांच्या हिशेबांत कोणी धरलीं नाहींत. पांच वर्षें वाट पाहून मिळणाऱ्या थोड्याशा वेळांत माणसानें आपली सारी योग्यता कशी दाखवावी? गुणांच्या सामन्यांत कोणी गुरु ती जोखीम घेणार नाहीं. म्हणून स्नेहाच्या सामन्यांतही तीच जुनीं अकरा नांवें खेळविलीं, तर ज्याच्यासाठीं हें दार ठेविलें, त्याच्याच तोंडावर तें लावून घेतल्यासारखें होतें.

दार उघडें असूनही आंत कोणी नसेल, तर मात्र उपयोग नाहीं. २०२३ सालीं भारतानें इम्फाळ, भुवनेश्वर व बंगळूर येथें एकापाठोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. लेबनॉनला हरविलें, कुवेतला पेनल्टींवर हरविलें. लोक आशियांत नांव काढण्याच्या गोष्टी बोलूं लागले. ऑस्ट्रेलिया किंवा उझबेकिस्तान यांच्या तोडीचा प्रतिस्पर्धी मात्र त्या उन्हाळ्यांत समोर आला नव्हता. पुढें आशियाई करंडकापूर्वीं एकत्र राहण्यास जेमतेम दोन आठवडे मिळाले. २०२४ च्या जानेवारींत याच दोन देशांशीं आणि सीरियाशीं गांठ पडली. तिन्ही सामने गेले, आणि तीन सामन्यांत मिळून आपला एकही गोल झाला नाहीं.

गडी एकत्र येत नाहींत, याचें कारण उघड आहे. त्यांचा पगार क्लब देतो. जागतिक संस्थेनें ठरविलेल्या तारखांना क्लबाला गडी सोडावाच लागतो. त्या तारखांच्या बाहेर तो नाहीं म्हणूं शकतो, आणि म्हणतोही. २०२५ च्या ऑगस्टमध्यें खालिद जमील गुरु झाले. मुंबईच्या क्लबांतून खेळलेला आणि तेथेंच शिकविण्यास लागलेला हा माणूस. मध्य आशियाच्या पहिल्याच स्पर्धेला जातांना एका मोठ्या क्लबानें आपले गडी दिले नाहींत. असेल त्या सामग्रीवर ताजिकिस्तानला हरवून आणि ओमानला पेनल्टींवर मागें टाकून ते तिसरे आले. ज्यांना एरवीं बोलावणेंही आलें नसतें, अशांना त्या निमित्तानें जागा मिळाली.

पुढच्या महिन्याभरांत गुणांचे सामने आले, आणि तेथें निभाव लागला नाहीं. सिंगापुरांत एक-एक बरोबरी झाली. १४ ऑक्टोबरला मडगांवच्या फातोर्ड्याच्या मैदानावर छांगतेनें आधीं गोल केला, तरी सिंगापूरनें दोन करून सामना नेला, आणि २०२७ च्या आशियाई करंडकाचें दार भारताला बंद झालें. त्या रात्रीं गोव्याच्या प्रेक्षकांनीं पाहिलेल्या संघांत कित्येक जण एकमेकांबरोबर फार थोडे सामने खेळलेले होते. कोणाचा पास कोणाकडे जाणार, हें ते गुणांच्या सामन्यांतच शिकत होते.