कामाच्या गाडीचं उद्याचं मोल

आमच्या धर्माबादेत मिरचीचा भाव कुणीही सांगेल. पोतं उघडायचं, मूठभर मिरची हातात घ्यायची, रंग बघायचा, देठ मोडायचा, ओल अजमावायची, झाला भाव. पण निंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या जीपचा किंवा पिकअपचा भाव विचारला की दोनच उत्तरं येतात. एक म्हणतो, भंगारात घाला, लोखंडाचे येतील तेवढे घ्या. दुसरा म्हणतो, राहू द्या, पुण्या-मुंबईचे शौकीन पुढे लाखांनी नेतील. घरात वाटणीची बोलणी चालू असली, तर एवढ्यावरून भाऊ भावाशी अबोला धरतो. म्हणून कामाच्या गाडीचं उद्याचं मोल कसं जोखावं, यावर आज थोडं बोलू.

आधी जरा लांबचं उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियात पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा अशी एक गाडी असते. तिला तिकडे ‘यूट’ म्हणतात. फोर्डच्या गीलाँगच्या कारखान्यात ती १९३४ साली तयार झाली. रविवारी चर्चला जाता यावं आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता यावीत अशी गाडी द्या, असं पत्र एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला लिहिलं होतं म्हणतात. २०१६ साली फोर्डनं आणि २०१७ साली होल्डननं तिथलं उत्पादन थांबवलं. होल्डनच्या गाड्यांना जादा ताकद देणाऱ्या एचएसव्हीनं शेवटी ‘मालू’ नावाच्या यूटचा एक खास प्रकार बनवला. अवघ्या चार गाड्या. त्यातली एक २०२१ साली लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. कमी नग, शेवटचा हंगाम आणि बंद पडलेला देशी कारखाना, या तिन्हींची ती किंमत होती.

आता आपल्याकडे पाहू. दुर्मीळपणा दोन तऱ्हेचा असतो. एक, मुळात कमी विकलेली गाडी. टाटांची तीन दारांची सिएरा १९९१ साली आली. मागे मोठाल्या काचा, खाली मात्र टाटामोबाईल पिकअपचाच सांगाडा. ती फार खपली नाही. आज तिला शोधणारे आहेत, आणि २०२५ साली कंपनीनं तेच नाव नव्या गाडीला दिल्यावर जुनीची आठवण पुन्हा ताजी झाली. दुसरी तऱ्हा म्हणजे पुष्कळ बनलेली, पण थोडी उरलेली गाडी. १९८८ ची टाटामोबाईल, काळी-पिवळीला लावलेल्या ट्रॅक्स आणि जीपा यांनी माणसं आणि माल वाहता वाहता जीव सोडला. २००५ साली आलेला ‘छोटा हत्ती’ गल्लोगल्ली दिसतो, म्हणून त्याला कुणी जपत नाही. तेव्हा पहिल्या वर्षातला धड नग पुढे मिळणं अवघडच जाणार.

पण नुसतं दुर्मीळ असून भागत नाही, हवी म्हणणारा माणूस लागतो. हा माणूस बहुधा पन्नाशीचा असतो. तरुणपणी जी गाडी त्यानं दुरून पाहिली, ती हातात पैसा आल्यावर तो विकत घेतो. जिप्सीचं मोल असंच आहे. म्हणून वस्तूइतकंच पिढीकडेही बघा.

तिसरी गोष्ट अस्सलपणाची. आपली पोरं हौसेनं जीपला रुंद टायर, दुसरं इंजिन, भलते दिवे लावतात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ नोंदीत असे फेरफार करू देत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईकही पाठ फिरवतं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, तीही चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल नसतील तरच. अशी गाडी रोज वापरता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

चौथी गोष्ट कागदाची. महिंद्रा कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव बदललं. त्या जुन्या नावाचा एखादा कागद कुणाच्या संदुकीत निघाला, तर त्याला मोल येईल. नुसत्या ऐकीव गोष्टीला येणार नाही. आजोबांच्या जीपचंही तसंच. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावे करून घ्या. मालक वारल्यापासून तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. कागद नसलेली गाडी अखेर भंगाराच्याच भावात जाते.

शेवटी हिशेब. २०२० साली नव्या थारचा पहिला नग लिलावात एक कोटी अकरा लाखांना गेला. तो पैसा मदतकार्यासाठी होता. दानाचा भाव बाजारभाव समजू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यात विमा, शेड, गंज, सुटे भाग. दहा वर्षांचा हा खर्च एका कागदावर मांडा आणि भावांनी मिळून वाचा. डोक्यावर सावकाराचं व्याज असेल, तर गाडी विका आणि मोकळे व्हा; उद्याच्या लाखाच्या आशेवर आजचं व्याज भरू नका. कर्ज नसेल, कागद चोख असतील आणि पत्रा शाबूत असेल, तर मात्र भंगारवाल्याला परत पाठवा. गाडीवर छप्पर घाला, महिन्यातून एकदा इंजिन चालू करा, आणि तिचं मूळ रूप तेवढं राखा.