हाताला काम आहे, पण नंबर नाही
(सर्वण येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आज मी निवडणुकीवर बोलणार नाही. बारा आकडी नंबर ज्याच्याकडे नाही त्याने पोट कसे भरायचे, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या डिचोली तालुक्याने खाणीचे दिवस पाहिले. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि पुन्हा टिप्पर दारात उभे राहिले. मग माणसे मिळेल त्या कामाला लागली: कोणी बांधकामावर, कोणी हॉटेलात, कोणी पहाऱ्यावर. तिथे "काम येते का?" हा प्रश्न नंतर येतो. "आधार आहे का?" हे आधी विचारतात.

माझ्या ओळखीची एक बाई हॉटेलात भांडी घासते. आयुष्यभर कष्ट केल्याने बोटे झिजली आहेत, यंत्रावर ठसा उमटत नाही. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. तिच्या बरोबरीच्या बायकांपेक्षा तिला कमी पगार मिळतो. कारण विचारले तर उत्तर एकच, "तुझे कागद नाहीत." मित्रहो, भांडी कागद घासतात की हात?

नंबर नसणे मजुराला गैरसोयीचे असते, पण मालकाला पुष्कळदा सोयीचे पडते. हजेरीपटावर नाव नाही, पीएफ नाही, अपघात झाला तर जबाबदारी नाही. किमान वेतन हे कामाचे असते, कार्डाचे नसते. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनाला पीएफ भरावाच लागतो. नंबर नाही म्हणून मालकाची ती जबाबदारी संपत नाही.

सरकारचेही ऐका. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली. तिलाही आधारच लागते! म्हणजे जो सर्वांत मागे, तोच दाराबाहेर.

पण कायद्यात आपल्या बाजूचेही काही आहे, ते पाठ करून ठेवा. २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ७ सांगते की, ज्याला नंबर मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा पर्याय दिला पाहिजे. कलम ५ मध्ये असंघटित कामगार आणि भटक्या जमातींच्या नोंदणीसाठी खास व्यवस्था करायला सांगितले आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधार कायम ठेवले, पण खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला. आणि नवी आधार नोंदणी मोफत आहे. पैसे मागणाऱ्याला ठणकावून नाही म्हणा.

बँकेचेही तसेच. मतदार ओळखपत्रावर खाते उघडता येते. कोणताच कागद नसेल तर फोटो देऊन आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून छोटे खाते मिळते. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि वर्षाचा भरणा एक लाखापर्यंत चालतो. मजुरी खात्यात आली की ती बुडवणे सोपे राहत नाही.

आधार काढू नका असे मी म्हणत नाही. ज्यांना काढता येते त्यांनी जरूर काढावे. पण ते मिळेपर्यंत चूल पेटायची थांबत नाही. म्हणून आपण तीन गोष्टी करूया. वाड्यावाड्यांत ज्यांना नंबर नाही त्यांची यादी करूया. पंचायतीकडे ठराव देऊन गावातच नोंदणीचे शिबिर मागूया. आणि ज्याला काम, मजुरी किंवा धान्य नाकारले जाईल त्याने तो नकार लेखी मागावा. तोंडी नकाराला पुरावा नसतो. एकटा मागायला गेला तर हाकलतील. म्हणून सोबत समाजाचे चार जण जातील.

आपले आजे-पणजे कुठल्याही नंबराशिवाय याच मातीत घाम गाळून जगले. त्यांच्या नातवंडांच्या घामाची किंमत बारा आकड्यांवर ठरू द्यायची नाही, एवढे ठरवून आज घरी जाऊया.

जय हिंद! जय गोमंतक!