कानस उचलण्यापूर्वी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि हत्यारे पुसून, तेल देऊन पुजतो. घरापासून दूर राहूनही आपण हा आचार सोडलेला नाही. त्यालाच धरून एका परदेशी शस्त्राची झीज व तिचे निदान यांविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याचे १८५१ चे 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात गाजले. त्या युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा इटलीत, ब्रेशियाजवळच्या व्हाल त्रोंपिया खोऱ्यात, त्याच्या प्रतिकृती होऊ लागल्या. तेथील उबेर्ती हा कारखाना १९५९ चा. या प्रतिकृतींतून खराच बार निघतो. म्हणून त्या झिजतातही.

याची रचना मोठी नेमकी आहे. घोडा मागे ओढू लागताच सिलिंडरला अडवणारी खिट्टी खाचेतून उतरते. घोड्याला जोडलेली दांडी, जिला कारागीर 'हात' म्हणतात, ती सिलिंडरच्या पाठीवरील दात रेटून त्याला एकषष्ठांश फेरा देते. घोडा पुरता चढतो त्याच सुमारास खिट्टी पुढच्या खाचेत बसते आणि दारूचे घर नळीशी जुळते. हा ताल चुकला, तर गोळी नळीच्या कडेवर तासली जाऊन शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभा असलेल्याच्या डोळ्यांशी गाठ असते.

परंतु प्रत्येक अडथळा म्हणजे झीज नव्हे. काळ्या दारूत सोरा, कोळसा व गंधक यांचे प्रमाण साधारण ७५, १५ व १० असते. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. ही काजळी ओल शोषून गंज चढवते आणि सिलिंडर जड फिरू लागते. कधी फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत पडून सारे अडकते. म्हणून आधी रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करावी, गरम साबणपाण्याने ते धुवावे, पुरते कोरडे करून तेल द्यावे. परीक्षा त्यानंतर.

सिलिंडरवर बोट हलके टेकवून घोडा सावकाश चढवावा. घोडा चढला तरी खिट्टी खाचेत पडली नाही, तर हात किंवा दात झिजला आहे. सिलिंडर खाच ओलांडून पुढे गेले, तर खिट्टी वा तिची स्प्रिंग दुबळी. सिलिंडरभोवती ओरखड्याचे वलय उमटले, तर खिट्टी वेळेपूर्वी पडते आहे. नळी खाली धरल्यास सिलिंडर फिरते आणि वर धरल्यास फिरत नाही, तर हाताची पातळ स्प्रिंग बहुधा तुटलेली असते. हात झिजलेला नसतोच!

पाचरीची गोष्ट याहून बोलकी आहे. कोल्टच्या रचनेत नळी एका आसावर पाचरीने बसते. काही प्रतिकृतींत हा आस आखूड असतो आणि नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकत नाही. मग पाचर जास्त ठोकली की सिलिंडर आवळते, सैल ठेवली की बारागणिक पाचर चेपते. नवी पाचर घातली तरी तीही चेपणारच. तळाशी योग्य जाडीची चकती बसवली की दोष मुळातून जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत येथे पावलोपावली होते.

उतावळा कारागीर खिट्टी अडखळली की खिट्टीच घासतो. पण कानशीने गेलेले पोलाद परत येत नाही, आणि चुकीच्या जागी घासलेला भाग दुसऱ्याही भागाचा ताल बिघडवतो. झीज जेथे दिसते तेथेच तिचे मूळ असते असे नाही. ते मूळ सापडेपर्यंत कानस खाली ठेवण्याचा संयम हेच या विद्येतील खरे कसब होय.