दूरसंचाराचा तंटा, दिल्लीचा दरवाजा

सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या केबलचालकाचं प्रसारण कंपनीशी देण्याघेण्यावरून बिनसलं, तर दाद दिल्लीतल्या दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) कायद्यातल्या 2000च्या दुरुस्तीने ते आलं. 2004पासून केबलही त्याच्या कक्षेत आली. परवाना शुल्क, जोडणीचे दर हे गुंते समजणारं वेगळं पीठ हवंच होतं. कोणी विचारेल, सामान्य ग्राहकाचं काय? ग्राहकांचा गट इथे येऊ शकतो. एकट्यासाठी ग्राहक आयोग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2022मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे त्याला सोलापूर पुरे. अडतो तो छोटा केबलचालक. बलाढ्य कंपनीसमोर दिल्लीत वकील उभा करणं त्याला कसं झेपावं? पुण्या-मुंबईत ठरावीक काळाने फिरतं पीठ बसलंच पाहिजे.