सशाचा डोळा आणि आमची चूक

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात दुपारच्या कार्यक्रमात आम्ही पती-पत्नींनी केलेलं भाषण)



कार्यवाहांनी आम्हां दोघांना ‘तुमच्या सशाबद्दल दहा मिनिटं बोला’ असं सांगितलं, तेव्हा आम्हाला संकोच वाटला. आम्ही डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेली साधी माणसं. पण आपल्यापैकी तीन-चार घरांत आता ससे आले आहेत. आमच्या हातून झालेली चूक त्या घरांत होऊ नये, म्हणून उभे राहिलो.

आमचा ससा पांढरा, अंगावर पिवळसर ठिपके. नातीनं नाव ठेवलं ‘पोहा’. इंदूरच्या घरात दुसरं काय सुचणार! एका उन्हाळ्यात पोह्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं. खालची लव सारखी ओली. घरात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली ड्रॉपची बाटली होती. डोळ्याचंच औषध, माणसाला चालतं तर सशाला का नाही, असं म्हणून तीन दिवस घातलं. चौथ्या दिवशी डोळ्यावर निळसर-पांढरा डाग दिसला, तेव्हा धावत डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या दिव्यानं पाहिलं. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम होती, ती हिरवी चमकली. बहुधा गवताची काडी लागली असावी. आमच्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. जखम असताना स्टेरॉइड घातलं की ती भरत नाही, उलट खोल जाते. कित्येक आठवडे उपचार केले. डोळा राहिला, दृष्टी गेली. नातीनं विचारलं, “आजोबा, ते औषध तुम्हीच घातलं होतं ना?” ‘हो’ म्हणण्याखेरीज आमच्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यानंतर लगेच पोह्याचं तोंड उघडून पाहिलं, याचं आम्हाला नवल वाटलं. सशाचे 28 दात जन्मभर वाढत असतात. (आपल्या बाप्पाच्या मूषकाचा हा सख्खा भाऊ नव्हे बरं का! सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात असतात, ते उंदराला नसतात.) गवत चघळून दात झिजले नाहीत, तर त्यांची मुळं वर सरकतात. आसवं नाकात नेणारी नळी या मुळांना लागूनच जाते. सशाला प्रत्येक डोळ्यात या नळीचं तोंड एकच, खालच्या पापणीत. नळी दाबली गेली की पाणी गालावर येतं. तिच्यात पू झाला की दुधासारखा पांढरा स्राव येतो. डॉक्टर डोळा बधिर करून सलाइननं नळी धुतात. पण दातांचं काही केलं नाही, तर दुखणं परत येतं.

पोह्याचं मूळ दुखणं तेच होतं. आम्ही लाडानं गाजर, पोळी, बिस्किटं देत होतो. सशाचं खरं जेवण म्हणजे गवत, तेही दिवसभर. गाजर कधीतरी, खाऊ म्हणून. दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. मूत्र साचलं की अमोनियाचा उग्र वास सुटतो, त्यानं आणि भुशाच्या धुळीनं डोळे चुरचुरतात. म्हणून रोज सफाई हवी.

आता मुलांनो, नीट ऐका. पांढऱ्या सशाचे लाल डोळे हा आजार नव्हे. पण डोळा अर्धवट मिटलेला असेल, पुढे आलेला दिसला, बाहुलीत पांढरी गाठ दिसली किंवा डोळ्याखालची लव ओली राहू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुढे आलेल्या डोळ्यामागे दाताच्या मुळाचा गळू असू शकतो. ससा दुखणं लपवतो. त्याच्या जातीला शिकाऱ्याची भीती, कण्हून कसं चालेल? त्यानं अर्धा दिवस खाल्लं नाही, तरी प्रकरण गंभीर समजा. घरातलं गुलाबपाणी, मध, काजळ, उरलेले ड्रॉप, काही नको. माणसांच्या गोळ्याही नकोत. आपली काही नेहमीची अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली, तर सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि जिवावर बेततं.

पोहा आता एका डोळ्यानं मजेत आहे. डाव्या बाजूनं जाताना आम्ही आधी हाक मारतो, मगच हात लावतो. गणपतीत नात दुर्वा निवडायला बसली की दोन वाटे करते: एक बाप्पाचा, एक पोह्याचा. पोह्याच्या वाट्याला हळद-कुंकू लागलेलं निर्माल्य नाही. अंगणातल्या, औषध न फवारलेल्या, धुतलेल्या कोवळ्या दुर्वा. आणि ती उरलेली बाटली? ती त्याच दिवशी फेकली. आपणही आज घरी गेल्यावर औषधांचा डबा एकदा उघडून पाहा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!