काकांचा प्रश्न: हे कम्प्युटरचं हाय का किड्याचं?

आज आवाज थोडा घुमतोय, कारण रेकॉर्डिंग अकोल्यात, घरच्या वरच्या खोलीत चाललंय. आवाज नको म्हणून पंखा बंद केलाय. अकोल्यात पंखा बंद, म्हणजे समजून घ्या!

तर मागच्या महिन्यात बार्शीटाकळीहून काकांचा फोन आला. माझी चुलत बहीण बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला बायोइन्फर्मेटिक्समध्ये एमएस्सी करायचंय. काका म्हणाले, "बाबू, तू त इंजिनिअर हायेस. मले सांग, हे कम्प्युटरचं हाय का किड्याचं? अन् नोकरी लागते का?" मी रुबाबात म्हटलं, "कम्प्युटरचंच आहे, मी पाहतो." इथंच चुकलो.

शोधायला बसलो तर पहिलं नाव पुण्याचं. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स केंद्र सुरू झालं 1987 साली, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 1995 मध्ये, म्हणजे त्याच्या आठ वर्षं आधी! तिथल्या कोळसकर आणि टोंगावकर यांनी 1990 मध्ये एक पद्धत मांडली. एखाद्या प्रोटीनचा नेमका कुठला तुकडा आपली अँटिबॉडी ओळखेल, याचा अंदाज ती देते. लस किंवा तपासणीचं किट बनवताना हा प्रश्न येतोच. आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या आयईडीबी या संकेतस्थळावर ती पद्धत आहे.

आता गंमत ऐका. ही पद्धत कोडमध्ये लिहायला मला एक संध्याकाळ लागली. प्रत्येक अमायनो आम्लाला एक आकडा, सात-सातची खिडकी सरकवत न्यायची, सरासरी काढायची, जास्त सरासरीचे तुकडे वेगळे करायचे. पायथॉनच्या वीसेक ओळी. ग्राफ काढून बहिणीला पाठवला. तिचा रिप्लाय आला, "दादा, पण हा तुकडा प्रोटीनच्या पोटात दडलेला असेल तर अँटिबॉडी तिथं पोचणार कशी?"

गप्प बसलो. मग नीट वाचलं. त्या आकड्यांच्या तक्त्यात पृष्ठभागाचा हिशेब आहे, पण सरासरीनं. माझ्या समोरच्या एका प्रोटीनची घडी कशी आहे, हे त्याला माहीत नाही. म्हणजे खरी मेहनत त्या वीस ओळींत नव्हतीच, ती त्या तक्त्यात होती. आणि तक्ता प्रयोगशाळेतल्या निकालांतून आलेला. अंदाजाची अचूकता त्यांनी स्वतःच सुमारे 75 टक्के सांगितली होती. मी मात्र ग्राफ पाठवला शंभर टक्के असल्यासारखा.

काकांना हे कसं सांगायचं? मग बोंडअळीवरून सांगितलं. 2017 ला आपल्या पऱ्हाटीचं गुलाबी बोंडअळीनं काय केलं, ते वऱ्हाडात कुणाला विचारायला नको. बीटीचं विष अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, तेव्हाच काम करतं. 2014 मध्ये अमेरिकन आणि भारतीय संशोधकांनी आपल्याकडच्या शेतांतल्या अळ्यांमध्ये या जनुकाची आठ बिघडलेली रूपं दाखवली. आणि त्या आठांतून 19 वेगवेगळे आरएनए संदेश निघत होते! एकच सोर्स फाइल आणि दर वेळी वेगळा बिल्ड, असं समजा. हे वाचायला कम्प्युटर लागतोच. पण अळी आधी शेतातून आणावी लागते.

काका म्हणाले, "म्हंजे दोन्हीचं हाय."

नोकरीचं खरं सांगितलं. माझ्यासारखं बीटेक करून लगेच पगार सुरू, असं इथं सहसा होत नाही. संशोधन करायचं तर पुढे पीएचडी आलीच. कामं जास्त करून पुणे, बंगळुरू, हैदराबादकडे. बहिणीला एवढंच म्हटलं, प्रवेशाआधी तिथल्या मुलांना विचार: लिनक्स, पायथॉन, संख्याशास्त्र हातानं करून घेतात का, की नुसती तयार सॉफ्टवेअरची बटणं दाबायला लावतात? आणि कुठल्या प्रयोगशाळेचा स्वतःचा डेटा मिळतो का? अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं जैवतंत्रज्ञान केंद्र आहे, प्रोजेक्टसाठी तिथंही विचारून पाहा म्हटलं. दूर कशाला जा.

आणि तुम्हाला आत्ताच चाखून बघायचं असेल तर एनसीबीआयचं संकेतस्थळ मोबाइलवरही उघडतं, फुकट. कपाशीचं, तुरीचं, बोंडअळीचं जनुक शोधा.

बहिणीनं परवा फॉर्म भरला. काकांची अट एकच, सुटीत घरी आली की वावरात यायचं, हिरवी बोंडं फोडून अळ्या मोजायला. मलाही बोलावलंय. दादाला काही येत नाही, पण पिशवी धरेल, असं ती म्हणाली.