पीसीओएस: लग्नाआधी, लग्नानंतर आणि लग्नाशिवाय

इथल्या, ब्रिटनमधल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी मला 'स्त्रियांचं आरोग्य' असा मोठा विषय दिला होता. मी तो आपणहून एका आजारापुरता आवळून घेतला, कारण या सभागृहात तो असलेल्या बायका नक्की बसल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या शंभरातल्या जास्तीत जास्त १३ जणींना पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं. आपल्याकडे घरोघरी त्याला पीसीओडी म्हणतात. तेच ते.

मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे या आजाराच्या मुली ठरावीक वेळीच येतात. लग्न ठरलं की आई घेऊन येते. लग्नाला दोन वर्षं होऊन दिवस राहिले नाहीत की सासूबाई किंवा नवरा घेऊन येतो. त्याआधीची पाच-सात वर्षं पाळी तीन-तीन महिने लांबत असते, हनुवटीवर केस येत असतात, पण ते अंगावर काढलं जातं. 'लग्न झालं की होईल सगळं नीट' हे वाक्य तिनं मावशीकडून, काकूंकडून, आणि मला सांगताना वाईट वाटतं, काही डॉक्टरांकडूनही ऐकलेलं असतं. आणि एकदा बाळ झालं, की ती यायचीच बंद होते. या आजाराची सुरुवात आणि शेवट आपण लग्न-मुलं यांना बांधून टाकला आहे. शरीराला ते मान्य नाही. ज्या मुलीला लग्न करायचं नाही, जिला मूल नको आहे, तिलाही या आजाराचे उपचार तितकेच लागतात. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट कळायला आत काय घडतं हे पाहावं लागेल.

१९३५ साली शिकागोत आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी येत नाही, काहींच्या अंगावर जास्त केस, अंडाशय मोठे. त्यांनी शस्त्रक्रियेनं अंडाशयाचा तुकडा काढला आणि पाळी सुरू झाली. आजार असा शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडल्यामुळे पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष अंडाशयावरच राहिलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत आंद्रेया ड्युनेफ आणि इतरांनी दाखवून दिलं की या स्त्रियांचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, आणि हे वजन जास्त नसलेल्यांमध्येही दिसतं.

माणसाला कमी ऐकू येऊ लागलं की घरातले मोठ्यानं बोलू लागतात. तसं पेशींना इन्शुलिनचं ऐकू येईना, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. स्नायू बहिरे असले तरी अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. वाढलेल्या इन्शुलिनमुळे अंडाशय टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतो. यकृत एरवी एक प्रथिन तयार करून हे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं, तेही कमी होतं. मग हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरुम, डोक्यावरचे केस विरळ. स्त्रीबीजं वाढायला लागतात पण काही मिलिमीटरवर थबकतात. सोनोग्राफीत माळेसारख्या दिसणाऱ्या 'गाठी' म्हणजे ही थबकलेली बीजं. त्या काढायच्या नसतात, त्यांचा कॅन्सर होत नाही. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो तो मळ नव्हे. इन्शुलिन वाढल्याची ती खूण आहे. आईनं तो घासून काढायचा प्रयत्न केलेला असतो. मुलींच्या माना मी लाल झालेल्या पाहिल्या आहेत.

आता आपल्या लोकांची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इथले, लंडनचे, डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आत चरबी. पीसीओएसच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली, तेव्हा पीसीओएस निघालेल्या मुलींपैकी जवळजवळ सत्तर टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. आणि तुमच्याच देशात लीड्सच्या डॉक्टरांनी २००२ साली दाखवलं की दक्षिण आशियाई मुलींमध्ये लक्षणं लवकर सुरू होतात आणि इन्शुलिनची अडचण जास्त असते. म्हणून 'तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आपल्यासाठी बीएमआयची रेघ २५ वर नाही, २३ वर आहे, आणि कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, हे माहीत असतं, पण आपण दक्षिण आशियाई आहोत याची आठवण करून द्यायला संकोच नको.

निदानाचा नियम २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरला. अनियमित पाळी, टेस्टोस्टेरॉन वाढल्याच्या खुणा किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिनांपैकी दोन गोष्टी हव्यात. थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं नाहीत हेही आधी पाहायचं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं तयार झाल्या. त्यांत मोठ्या स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणी चालेल असं सांगितलं आहे. किशोरवयीन मुलींसाठी मात्र यांतलं काहीच वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीत अशी बीजं दिसणं नेहमीचं असतं. चौदा-पंधरा वर्षांच्या कितीतरी मुलींना नुसत्या सोनोग्राफीवरून 'पीसीओडी आहे' असं सांगितलं जातं आणि त्या मुली आपल्याला मूल होणार नाही असं धरून मोठ्या होतात. हे थांबलं पाहिजे. त्या वयात अनियमित पाळी आणि टेस्टोस्टेरॉनच्या खुणा, दोन्ही असतील तरच निदान करायचं. नाहीतर लक्ष ठेवायचं आणि काही वर्षांनी पुन्हा पाहायचं.

उपचार काय, हा प्रश्न मला प्रत्येक फोनवर विचारला जातो. मी उलट विचारते, तिला आत्ता काय हवंय? आईला काय हवंय ते नंतर. हा आजार मुळापासून घालवणारं औषध आज नाही. पण त्रास कमी करणारी औषधं चांगली आहेत, आणि कोणतं घ्यायचं ते तिच्या उत्तरावर ठरतं.

पाळी नियमित हवी, केस-मुरुम कमी हवेत आणि मूल आत्ता नको, असं असेल तर गर्भनिरोधक गोळी हा पहिला उपाय. या गोळीची आपल्या घरांत फार भीती आहे. लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये ती दिसली तर काय, इथपासून ती घेतली की पुढे मूल होत नाही, इथपर्यंत. गोळीनं वंध्यत्व येत नाही. ती टेस्टोस्टेरॉनला बांधणारं प्रथिन वाढवते आणि अस्तराचं रक्षण करते. खरी काळजी वेगळी आहे. रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे रेषा चमकून सुरू होणारी अर्धशिशी असेल, रक्तदाब असेल, पस्तिशीनंतर सिगारेट असेल, तर ही गोळी नको. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर थ्रेडिंग, लेझर खुशाल करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोळीनं भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन देतात, पण ते चालू असताना गर्भ राहता कामा नये.

गोळी नकोच असेल तरी एक गोष्ट सोडू नका. तीन महिन्यांच्या वर पाळी आलीच नाही, असं पुन्हा पुन्हा होऊ देऊ नका. ते वाढत राहिलेलं अस्तर पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं. तरुण वयात तो धोका कमीच असतो, आणि थोडे दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन पाळी आणली की टळतो. हार्मोनची कॉपरटीसारखी कॉइल बसवली तरी अस्तराचं रक्षण होतं, मग पाळी आली नाही तरी चालतं.

साखरेकडे कल असेल तर मेटफॉर्मिन. १९५७ पासून वापरातलं, स्वस्त औषध. पोट बिघडतं म्हणून बायका ते दुसऱ्या दिवशी सोडतात. पाचशेची एक गोळी जेवणाबरोबर सुरू करून हळूहळू वाढवली तर बहुतेकींना सोसतं. शाकाहारी असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. मेटफॉर्मिननं बी-१२ कमी होतं, आणि आपल्या शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. ते तपासून घ्या. इनोसिटॉलच्या पुड्या इथल्या दुकानांत मांडलेल्या असतात. त्यांनी अपाय क्वचितच होतो, पण त्यांच्या फायद्याचा पुरावा तुटपुंजा आहे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड, वजन खूप असेल तर उपयोगी पडू शकतात. पण सेमाग्लुटाइड गर्भ राहण्याच्या दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइड सुरू करताना आणि मात्रा वाढवताना प्रत्येक वेळी चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबून चालत नाही.

आणि मूल हवं असेल तर? धीर धरा, बहुतेकींना होतं. पहिलं औषध लेट्रोझोल. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के. भारतात याच औषधावर वंध्यत्वाच्या उपचारांसाठी २०११ मध्ये बंदी आली आणि २०१७ मध्ये उठली. ती सहा वर्षं आम्ही ते लिहून देऊ शकत नव्हतो. भारतातल्या कोणी नातेवाईक त्या काळातलं ऐकून तुम्हाला 'ते औषध घेऊ नकोस' म्हणत असेल, तर तो काळ गेला. लेट्रोझोलनं जमलं नाही तर इंजेक्शनं आहेत, टेस्ट ट्यूब बेबी आहे. थेट तिकडे उडी मारायची घाई नको. दिवस राहिले की मात्र साखर लवकर तपासा आणि रक्तदाब पाहत राहा, कारण गरोदरपणातला मधुमेह या स्त्रियांना जास्त होतो.

खाण्याबद्दल थोडकंच बोलते, कारण त्यावर सगळेच बोलतात. कोणताही एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. भाकरी-भाजी, उसळ, वरण, ताक सोडून महागड्या पावडरी पिण्याची गरज नाही. चतुर्थीला दोन वेळा भरपेट साबुदाण्याची खिचडी खाणं म्हणजे उपास नाही, एवढं तर आपल्याला ठाऊक आहेच. व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं, आणि दोन दिवस वजनं उचलायची. साखर शोषून घेणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. आपल्या मुलींना आपण चालायला सांगतो, वजन उचलायला सांगत नाही. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी पुष्कळदा पाळी परत येते. पण प्रत्येक भेटीत 'वजन कमी कर' एवढंच सांगून मुलीला परत पाठवणं हा उपचार नव्हे. या आजारात नैराश्य आणि अस्वस्थता जास्त दिसते, काहींच्यात खाण्याशी असलेलं नातंच बिघडतं. कार्यक्रमात भेटलेल्या मुलीला 'जाडी झालीस गं' म्हणणाऱ्या काकूंना मी हात जोडून विनंती करते, हे थांबवा.

पुरुषांनाही सांगते. ज्यांच्या मुलीला, बहिणीला पीसीओएस आहे, त्या वडिलांमध्ये आणि भावांमध्येही मधुमेह आणि रक्तदाब जास्त आढळतो. तिच्या तपासणीसोबत स्वतःचीही करून घ्या.

आणि शेवटी चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींशी बोलायचं आहे. तुमच्याबद्दल कोणीच बोलत नाही. चाळिशीच्या आसपास पाळी पुष्कळदा आपोआप नियमित होते, मुलं मोठी झालेली असतात, आणि 'आपल्याला कधीकाळी पीसीओडी होतं' एवढीच आठवण उरते. मधुमेहाचा धोका मात्र गेलेला नसतो, पाळी गेल्यावरही जात नाही. म्हणून ज्यांना पूर्वी कधीही हे निदान सांगितलं गेलं होतं, त्या सगळ्यांनी याच महिन्यात जीपीची वेळ घ्या. आपल्या जुन्या निदानाची नोंद करायला सांगा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होते ती साखरेची तपासणी मागा. ती मिळाली नाही तर एचबीए१सी ही रक्ततपासणी तरी करून घ्या, आणि दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करा.